जुन्या कोठ्याच्या जागी लाकडी घर : काळ्या मातीत पाया कसा घ्यावा?

नमस्कार. नागपूरजवळ कळमेश्वर तालुक्यात आमची संत्र्याची बाग असून तिच्या बांधालगत आजोबांच्या काळातला बैलांचा कोठा आहे. कवेलू फुटले, मातीच्या भिंती खचल्या, म्हणून तो उतरवून तिथे एकमजली लाकडी घर बांधण्याचे आम्ही ठरवले आहे. छताचा सगळा भार खांब आणि तुळयांवर राहावा व आतल्या भिंती नुसत्या आडोशाच्या असाव्यात, म्हणजे आज आईबाबांसाठी मोठी, बिनउंबऱ्याची खोली काढता येईल आणि पुढे धाकट्या भावाचे लग्न झाल्यावर छताला हात न लावता दोन बिऱ्हाडे करता येतील.

कोठ्याचे लाकूड सागाचे आहे. एक मयाल (छताची आडवी तुळई) कापून पाहिली, तर ती आतून सोनेरी, तेलकट आणि टणक निघाली. जमिनीत गाडलेले खांब मात्र बुडाशी वाळवीने इतके पोखरले आहेत की टोचले तरी भुगा गळतो. त्यामुळे नव्या घराचा एकही लाकडी खांब मातीत जाऊ नये, हे माझे ठाम मत आहे.

खरी अडचण मातीची आहे. आमची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्यात, पारा ४५ अंशांपलीकडे गेला की, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. लाकडी घर वजनाला हलके असल्याने ते मातीचे फुगणे दाबून धरू शकत नाही. आमचे अभियंते रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी विकसित केलेले, बुडाशी फुगीर असे अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत खोलवर ओतलेले काँक्रीटचे खांब) सुचवतात. त्यांवरचे काँक्रीटचे बीम मातीपासून सुटे ठेवायचे आणि घराचे लाकडी खांब त्या बीमवर लोखंडी बुटांत (पकडींत) बसवायचे. गवंडी मात्र काळी माती काढून मुरूम भरा, एवढ्याने भागेल म्हणतात. मला पहिला मार्ग पटतो, पण खर्च बराच वाढतो.

विदर्भात काळ्या मातीवर हलके घर बांधलेल्यांनी कोणता पाया घेतला आणि दोन-चार पावसाळ्यांनंतर दारे-खिडक्या नीट लागतात का, हे कृपया सांगावे. शिवाय जुन्या मयालींना जागोजागी खाचा आहेत. त्या तुळया म्हणून पुन्हा वापरण्याआधी ताकद कोणाकडून तपासून घ्यावी, की त्यांच्या फळ्या पाडून आतल्या भिंतींनाच वापराव्यात?