उन्हाळ्यात चौदा घरांसाठी शेतावरची भाजी: गेल्या वर्षी फसलं, यंदा कसं जमवावं?

तिसरा मजला, विश्रामबाग

मंडळी, नमस्कार. सांगलीत राहते, विश्रामबागला. आमच्या बिल्डिंगमध्ये चौदा घरं. गेल्या एप्रिलमध्ये मी एक उद्योग केला (नसता उद्योग, असं आमचे हे अजून म्हणतात). वारणाकाठच्या एका गावातले शेतकरी ओळखीतून मिळाले. त्यांना म्हटलं, बुधवारी आणि शनिवारी सकाळी सात वाजता आमच्या गेटवर भाजी घेऊन या, सगळे घेतील. दलाल नाही, प्लास्टिकची पिशवी नाही, ज्याने त्याने घरून कापडी पिशवी आणायची.

पहिला आठवडा काय सांगू! वांगी, गवार, कोथिंबीर, मेथी, सगळं अर्ध्या तासात साफ. दुसऱ्या आठवड्यातही बरं गेलं. तिसऱ्या आठवड्यात मेथी बंद झाली आणि कुरबुरी सुरू. "परत गवारच का?" एकींनी मे महिन्यात फ्लॉवर आणि मटार मागितला. एका काकांनी मोबाइलवर मॉलचा भाव काढून दाखवला आणि पाच रुपयांसाठी दहा मिनिटं घातली. दोन घरांनी "पुढच्या वेळी देते" म्हणून पैसे ठेवले ते ठेवलेच. चौथ्या शनिवारी बावीस किलो दोडका आला, त्यातला सात किलो खपला. उरलेला परत न्यायचा म्हणजे गाडीच्या पेट्रोलचाही खर्च. त्यांनी चार-पाच किलो माझ्या दाराशी ठेवला, म्हणाले, "वहिनी, राहू दे. कुणाची गाय असंल तर घाला." पुढच्या बुधवारी ते आले नाहीत. मीही फोन केला नाही. तोंडच नव्हतं.

आता मार्च संपत आलाय आणि मला पुन्हा खुमखुमी आलीय. विचारायचं आहे ते असं: एक म्हणजे, हे टिकवायचं कसं? दुसरं, उन्हाचं काय करायचं? सातला आणलेला पालक बारा वाजेपर्यंत ओल्या फडक्यासारखा होतो, आणि चौदाही घरचे फ्रीज आधीच भरलेले. आणि मंडईत "गावरान, लोकल" म्हणून जे मिळतं ते खरंच आपल्याकडचं असतं का, की मी उगाच जिवाला त्रास करून घेतेय?

ऊस सोडून सगळं

ताई, पलूसकडचा आहे. तुमचा तो गडी माझ्यासारखाच असणार म्हणून राग न येता वाचा.

मे महिन्यात काय पायजे ते मे महिन्यात सांगून भागत नाही. गवार लावल्यापासनं पहिल्या तोडीला दीड-पावणेदोन महिने लागतात. भेंडीला दीड महिना धरा. दोडक्याला दोन महिन्याला थोडं कमी. म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या पुढं तुमच्या ताटात जे यायचं ते शिमग्याच्या आसपास मातीत पडलेलं असतंय. त्या माणसाला तुम्ही एप्रिलात भेटला. त्यानं जे आधीच लावलं होतं तेच आणलं. आणखी कुठनं आणणार? मंडईतनं घेऊन तुमच्या गेटवर विकलं असतं तर तुमाला पटलं असतं का?

मेथी-कोथिंबिरीचं सांगतो. उन्हाळ्यात जमीन तापली की धना नीट उगवत नाही. आम्ही मक्याच्या सावलीत लावतो, नाहीतर शेडनेट. पाणी रोज. नदीकाठच्या विहिरीवाल्याला जमतंय. ताकारी-म्हैसाळच्या कालव्यावर जो आहे त्यानं आवर्तनाची वाट बघायची. पाणी सुटलं तर पीक, लांबलं तर पालापाचोळा. त्यामुळं उन्हाळ्यातली कोथिंबीर महाग का, हे विचारणाऱ्याला एकदा दुपारी दोन वाजता वाफ्यावर उभं करा.

गवारीत पिकवण्यापेक्षा तोडणी महाग. एक बाई पहाटेपासनं ऊन चढंपर्यंत दहा-बारा किलो तोडती, बोटांना कूस लागून खाज सुटती ती वेगळीच. आमच्या कारभारणीला विचारा, गवार म्हटलं की कपाळाला आठी.

तुमी काय करा, भाव रोज ठरवू नका. एकदा बसा आणि उन्हाळ्याचा एकच भाव ठरवा. मंडईत गवार शंभराला गेली तरी तो तुमच्याकडं साठनं देईल, पण पाऊस लागल्यावर ती पंचविसावर आली की तुमी पण साठच द्यायचे. इथंच सगळं मोडतंय. चढल्यावर जुना भाव सगळ्यांना आठवतो, पडल्यावर कुणालाच आठवत नाही. दुसरं, महिन्याचे पैसे आधी द्या. दोन-तीन हजार हातात असले की तो बियाणं घेतो, उधारीच्या दुकानात जात नाही.

आणि कायद्याची भीती घालणारे भेटतील. २०१६ साली फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातनं बाहेर काढल्यात. तेव्हापासनं शेतकऱ्यानं स्वतःचा माल थेट विकायला बाजार समितीची आडकाठी नाही. तुमच्या सोसायटीचा सेक्रेटरी ही त्यापेक्षा मोठी अडचण.

सातारची माई

मी साताऱ्यात शाहूपुरीला असते. शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. वरच्या दादांनी लावणीचं सांगितलं, मी ठेवणीचं सांगते.

पालेभाजी आली की धुवायची नाही. जुडी सोडायची, पिवळी पानं काढायची, पंचा ओला करून घट्ट पिळायचा आणि त्यात गुंडाळून ठेवायची. संध्याकाळपर्यंत ताजी राहते, दुसऱ्या दिवशीही चालते. पण चौदा घरांची सोय करायची असेल तर गच्चीवर नाही, खाली पार्किंगच्या सावलीत विटांचा हौद करा. दिल्लीच्या पुसा संस्थेनं सुचवलेली जुनी युक्ती आहे. तळाला विटांचा थर, वर विटांच्या दोन भिंती एकात एक, मध्ये तीन इंचांची फट. फटीत नदीची वाळू भरायची, सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. वर बांबूच्या चौकटीवर ओलं गोणपाट. सिमेंट लावायचं नाही, विटांना पाणी प्यायला मिळालं पाहिजे. बाहेर चाळीस असताना आत दहा-बारा अंशांनी गार राहतं. वीज लागत नाही. कांदे-बटाटे मात्र आत ठेवू नका, ओलीनं कोंब फुटतात. आणि पाऊस लागला की हौदाचा उपयोग संपला, हवाच ओली असल्यावर पाणी उडणार कुठं? पण तोवर तुमचा उन्हाळा निघतो. घरच्यापुरतं हवं असेल तर मोठ्या कुंडीत लहान मडकं ठेवा, मध्ये ओली वाळू. माझ्याकडे गॅलरीत आहे. मिरच्या, कढीपत्ता, लिंबं त्यातच असतात.

आता खरं बोलू? तुमच्या बिल्डिंगला मे महिन्यात हिरवी भाजी आठवड्यातून सहा दिवस हवी आहे, ही सवय नवी आहे. माझ्या सासूबाई खटावच्या. त्यांच्याकडे उन्हाळ्यात भाजी म्हणजे हरभऱ्याचा वाळवलेला पाला. थंडीत खुडून सावलीत वाळवायचा, डब्यात दाबून भरायचा. मे महिन्यात लसूण-मिरचीवर घोटून, वर कच्चं तेल, सोबत ज्वारीची भाकरी. त्याशिवाय डाळीचे सांडगे, कोहळ्याचे सांडगे, भरून वाळवलेल्या मिरच्या, हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ. वाळवण म्हणजे पापड-कुरडया एवढंच आपण धरून बसलोय. खरं तर भाज्या नसतील त्या दिवसांची ती तरतूद होती. तुमच्या त्या पंधरा किलो दोडक्याचं काय झालं असतं सांगू? शिरांची चटणी, सालीची चटणी, गराची भाजी मुगाची डाळ घालून. गाईपर्यंत गेलाच नसता.

घोळ आणि तांदुळजा मिळतो का बघा. शेतकऱ्याला म्हणावं, तण म्हणून उपटून बांधावर टाकतोस ते एक बोचकं आमच्यासाठी आण. त्याला पैसे, तुम्हाला भाजी. आमच्याकडे मे महिन्यात कास-बामणोलीकडच्या बायका करवंदं घेऊन येतात, पानांच्या द्रोणात. त्यांच्याशी घासाघीस करणाऱ्याशी मी बोलत नाही.

मंडईतला पोरगा

सगळं वाचलं. एक कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. माझी आई तीस वर्षं सांगलीच्या मंडईत बसते. पहाटे चारला उठून सौद्यात जाते, आसपासच्या गावचा माल घेते. "दलाल नको" म्हणता तेव्हा त्यात ती पण येते का? पंधरा किलो दोडका उरला तर ती दुसऱ्या दिवशी पाणी मारून, निम्म्या भावात विकून मोकळी होते. तो तोटा तिचा. तुमच्या गेटवर तो तोटा शेतकऱ्यावर पडला, एवढाच फरक. त्याची गाडी आणि त्याचा दिवस तुम्ही धरलाच नाही.

लोकल ओळखायचं कसं? विचारायचं. "मावशी, कुठली?" मंडईतली बाई सहसा खोटं बोलत नाही, कारण तुम्ही उद्या परत येणार असता. फ्लॉवर, कोबी, ढबू मिरची मे महिन्यात बघाल तर बरीचशी बेळगावकडची किंवा त्याहून लांबची असणार. वांगी, गवार, काकडी, शेपू जवळची. कृष्णाकाठचं वांगं काटेरी देठाचं असतं, रंगानं फिकट आणि आत बिया कमी. ते दिसलं की दुसरं काही बघू नका. टोमॅटो सगळे एका मापाचे, चकचकीत दिसले तर ते प्रतवारी करून क्रेटमधनं आलेत. आंब्याची पेटी उघडल्यावर सगळेच एकसारखे पिवळे आणि देठाशी वास नाही, तर घेऊ नका. कार्बाइडवर बंदी आहे, पण बंदी आणि पेटी यांची गाठ रोज पडत नाही. आढीतला आंबा चार दिवस पुढं-मागं पिकतो, तीच त्याची खूण.

ज्यांना गेटवरचं जमत नाही त्यांनी आठवडी बाजाराला संध्याकाळी सहानंतर जावं. जमिनीवर पोतं टाकून, स्वतःच्या परड्यातलं दोन-चार प्रकारचं घेऊन ज्या म्हाताऱ्या बसतात त्यांच्याकडनं घ्यावं. आणि माझ्या आईला "मॉलमध्ये तर" असं म्हणू नये. बास.

तिसरा मजला, विश्रामबाग

मंडईतल्या दादा, बोललात ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं. तोटा त्यांच्यावर पडला हे मला दिसत होतं, फक्त मी त्याला "उरलेली भाजी" म्हणत होते.

माई, तुमचा हौद यांना दाखवला. शनिवारी विटा आणतो म्हणालेत. सेक्रेटरींचं काय ते मी बघते.

पलूसच्या दादांना एक विचारायचंय. भाजीत एवढी रस्सीखेच आहे, तर सुरुवात वर्षाच्या बेगमीपासून करावी का? ज्वारी, हळद वगैरे?

ऊस सोडून सगळं

ते तर आधी करा. त्यात कुजायचं काही नाही, रोज यायचं नाही. शाळू आत्ताच मळून झालाय. चौदा घरांची ज्वारी एका शेतकऱ्याकडनं घ्या, निंबाचा पाला घालून ठेवा. खपली गहू पण या महिन्यातच येतो. कांडून मिळतो का ते आधी विचारा, त्याचं टरफल साध्या मळणीत निघत नाही आणि घरी आणून बसाल डोकं धरून.

हळद पावडर घेऊ नका, हळकुंडं घ्या आणि गिरणीत समोर उभं राहून दळून आणा. सांगलीत राहून पुडीतली हळद खायची म्हणजे नदीकाठी राहून पाण्याची बाटली घेतल्यासारखं. हरिपूरची पेवं आठवतात का कुणाला? जमिनीत खणलेली, तोंड लहान, आत पोट मोठं, वर्षानुवर्षं हळद टिकायची. २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि बऱ्याच पेवांचं वाटोळं झालं. आता पेव फुटलंय ते फक्त "सेंद्रिय"च्या पाट्यांचं.

बेदाणा तासगाव भागातनं घ्या. चार किलो द्राक्षाचा एक किलो होतो, म्हणून स्वस्त मागू नका. हिरवा-पिवळा चकाकणारा असतो त्याला गंधकाची धुरी दिलेली असते. तपकिरी दिसायला गबाळा, पण घरी खायला तोच मागा.

आणि ताई, त्या गड्याला फोन करा. त्याला न सांगता दुसरा धरू नका. मार्चअखेर गवार टाकली तर मेच्या मध्याला पहिली तोड मिळंल. आठ दिवस लांबवलं तर आठ दिवस गेलेच.

तिसरा मजला, विश्रामबाग

काल रात्री फोन केला. आधी गेल्या वर्षाबद्दल माफी मागितली, तर म्हणाले, "ते सोडा वो वहिनी." एक भाव, महिन्याचे पैसे आधी, आठवड्यातून एकच फेरी, आणि जे येईल ते सगळ्यांनी वाटून घ्यायचं, असं सांगितलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मागे पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता. मग त्यांनी एकच विचारलं, "दोडका खाणार का? खाणार असला तर उद्या टाकतो."

बिल्डिंगच्या ग्रुपवर तसंच्या तसं टाकलंय. सकाळपासून तेराही घरांच्या निळ्या टिका दिसतायत. उत्तर दोघांचंच आलंय, त्यातल्या एकींनी विचारलंय, मटार कधी येईल.

आमचा दोडका धरा म्हणून मी सांगून टाकलंय. पाच किलो. माई, त्या शिरांच्या चटणीत तीळ घालायचे की शेंगदाण्याचं कूट?