यूएसबीचा वेग अडतो तेव्हा : लिनक्सवरचे तुमचे अनुभव

काल वडिलांचे फोटो जुन्या हार्ड डिस्कवरून उतरवून घेत होतो. वेग सेकंदाला ३८ एमबीच्या पुढे सरकेना, आणि दहा वर्षांपूर्वीची एक रात्र आठवली. तेव्हाही हाच आकडा होता, आणि दोष ड्रायव्हरचाच (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामचाच) असे धरून मी पहाटेपर्यंत कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कंपाइल करीत बसलो होतो. तेव्हाची ती डिस्क यूएसबी ३.० ची, म्हणजे सेकंदाला ५ गिगाबिटची. जोडलेली यूएसबी उपकरणे आणि त्यांचा वेग दाखवणाऱ्या 'एलएसयूएसबी -टी' या आज्ञेत मात्र तिच्या ओळीअखेर ५०००एम (मेगाबिट) नव्हे, यूएसबी २ चा ४८०एम असे होते. ए प्रकारच्या प्लगमध्ये यूएसबी २ च्या चार पट्ट्या पुढे आणि ३ च्या पाच आत मागे असतात; प्लग हळूहळू सरकवला, की पुढच्या चार आधी टेकतात आणि जोडणी ४८० वरच होऊ शकते. सकाळी तो काढून एका दमात बसवला, तेव्हा ५००० दिसले. तुमचे अनुभव सविस्तर लिहावेत.

प्रतिसाद
माझ्याकडे उलटे झाले. रास्पबेरी पाय ४ च्या निळ्या पोर्टात एसएसडी ५००० वर जोडली जात होती, पण मोठी फाइल लिहिताना अडखळायची आणि डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, यूएएस (यूएसबी डिस्कसाठीची नवी, वेगवान पद्धत) ड्रायव्हरच्या रीसेटच्या ओळींची रांग लागायची. अडॅप्टरची चिप यूएएस नीट पाळत नव्हती. 'यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स' या कर्नलच्या सेटिंगमध्ये तिचे दोन्ही ओळखक्रमांक आणि शेवटी 'यू' हे अक्षर दिल्यावर जुना ड्रायव्हर लागला. वेग थोडा उतरला, पण त्यानंतर एकही फाइल बिघडली नाही. मला हा सौदा मान्य आहे.

प्रतिसाद
कुकरची शिट्टी होईपर्यंत लिहिते. कॉलेजच्या प्रकल्पातला आमचा बोर्ड ४८० चा असूनही सतत 'फुल-स्पीड', म्हणजे १२ मेगाबिटवरच ओळखला जायचा. ४८० चे उपकरणही आधी फुल-स्पीड म्हणूनच पुढे येते. रीसेट होताना ते चर्प हा संकेत देते, आणि हबने त्याला उलटसुलट चर्पांनी उत्तर दिले तरच दोघे वर चढतात. विद्युत संकेत पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर आमचा चर्प दिसत होता, हबचे उत्तर मात्र पोचत नव्हते. एका डाटा तारेचे सोल्डरचे डाग कच्चे होते. ते पुन्हा दिले त्या दिवशी आम्ही अक्षरशः टाळ्या वाजवल्या.

प्रतिसाद
वरच्या ताई, अगदी पटले. यूएसबी ३ चे पोर्ट चालवणारा लिनक्सचा एक्सएचसीआय ड्रायव्हर सारा शार्प यांनी लिहिला आणि तो २००९ मध्ये कर्नल २.६.३१ मध्ये आला, हेही या निमित्ताने आठवले. आपण ज्याला पहिल्यांदा दोष देतो, त्याच ड्रायव्हरने किती काळ साथ दिली आहे! फोटोंचे काय झाले?

धागाकर्ता
या वेळी प्लग दोनदा बसवूनही ४८० च राहिले, म्हणून केबल बदलली आणि ५००० आले. आता सेकंदाला ११० एमबी मिळतात, ते त्या फिरत्या डिस्कच्या मानाने पुरेसे आहेत. १९८७ च्या हर्णैच्या सहलीचे फोटो आत्ताच उतरले; वडील त्यांत होडीच्या कडेला बसलेले आहेत.