उजवा गुडघा: जिना उतरताना वाटीच्या मागे कळ, एक्स-रे नॉर्मल. आराम करू की चालू? मदत हवी आहे

नमस्कार, वय ४६, काम दिवसभर खुर्चीतलं. चार महिन्यांपूर्वी आमच्या बिल्डिंगची लिफ्ट तीन आठवडे बंद होती, मी पाचव्या मजल्यावर, दिवसातून तीन-चार वेळा वर-खाली, आणि त्याच दिवसांत मी हौसेने रोजचं चालणंही दुप्पट केलेलं (आता माझंच मला हसू येतं), तेव्हापासून उजवा गुडघा जो कुरकुरतोय तो थांबायचं नाव नाही. पडले नाही, मुरगळला नाही, सूजही नाही. चढताना फारसं नाही पण उतरताना वाटीच्या मागे कळ येते, आणि तासभर बसून उठलं की पहिली चार-पाच पावलं आखडल्यासारखी पडतात, मग मोकळा होतो. कटकट आवाजही येतो, तो तर दोन्ही गुडघ्यांत, पण डावा अजिबात दुखत नाही.

एक्स-रे नॉर्मल. पाच दिवसांच्या गोळ्या आणि आराम असं सांगितलं. महिनाभर इमानदारीत आराम केला, दुखणं जवळजवळ गेलं, चालायला लागले तर तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जास्त! असं दोनदा झालं. आता एकजण म्हणतो ग्रीस संपलंय, दुसरा म्हणतो एमआरआय काढ, तिसरा म्हणतो जिना कायमचा सोडून दे. नी कॅपने बरं वाटतं पण काढली की पुन्हा तेच.

आरामाने कमी होतंय तर आरामच चालू ठेवू का? आणि त्या आवाजाचं काय? कुणाला असं होऊन बरं वाटलंय का, प्लीज सांगा.

प्रतिसाद १
आधी दोन-तीन गोष्टी सांगा. दुखतं तिथे एक बोट ठेवता येतं का, की सगळ्या वाटीभोवती आहे? गुडघा मध्येच अडकून सरळच होत नाही असं झालंय का? चालताना पाय अचानक दगा देतो का? रात्री झोपेत ठणकतो का? यातलं काही असेल तर इथल्या सल्ल्यावर न थांबता परत दाखवा. आणि गुडघा लाल-गरम होऊन ताप आला किंवा पोटरी सुजून दुखायला लागली तर त्याच दिवशी जायचं, उद्यावर ढकलायचं नाही.

प्रतिसाद २
मी फिजिओ आहे, पण न तपासता लिहितेय हे लक्षात असू द्या. उतरताना दुखणं, बराच वेळ वाकवून बसल्यावर दुखणं, आणि त्याआधी अचानक वाढलेलं काम, हे सगळं वाटीभोवतीच्या दुखण्याला जुळतं. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू शरीराला ब्रेक लावत असतो आणि तेव्हा वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते, तो दाब शरीराच्या वजनाच्या तिपटीच्या वर जातो. तुमच्या गुडघ्याला सवय होती त्याच्या कितीतरी पट काम तीन आठवड्यांत अंगावर आलं. आता आरामाचं म्हणाल तर आरामाने चिडलेला भाग शांत होतो हे खरं, पण त्या महिन्यात मांडीचा स्नायू अजून कमी पडायला लागतो, आणि तुम्ही परत सुरुवात करता ती एकदम जुन्या अंतरापासून. म्हणून दोनदा तेच झालं.

तेव्हा बंद करू नका, कमी करा. चालणं अर्ध्यावर आणा. पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबायची, पाच सेकंद, दहा वेळा. मग सरळ पाय उचलणं. आणि खुब्याचे स्नायू विसरू नका, ते सगळे विसरतात, कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा. दोन आठवड्यांनी भिंतीला पाठ टेकून थोडंसंच खाली घसरून थांबायचं, पूर्ण उकिडवं नाही. दुखणं दहापैकी तीनपर्यंत गेलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ जागी यायला हवं, आलं नाही तर कालचं जास्त झालं. फरक पडायला सहा ते बारा आठवडे धरा, आठवड्याभरात सोडून देणारेच जास्त भेटतात मला.

आवाजाबरोबर दुखत नसेल, सूज नसेल तर त्याकडे दुर्लक्ष करा. तुमचा डावा गुडघा वाजतो आणि दुखत नाही, यातच उत्तर आलं. ग्रीस वगैरे काही संपत नाही हो, सांध्यातलं पाणी शरीर सतत तयार करतं. नी कॅप घाला, पण व्यायामाऐवजी नको.

प्रतिसाद ३
एमआरआयची घाई मी केली होती, रिपोर्टमध्ये गुडघ्यातली गादी (दोन हाडांमधली कूर्चा, मेनिस्कस) फाटली असं वाचून दोन महिने पाय टेकवायला घाबरत होतो. नंतर कळलं की २००८ साली छापून आलेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅममध्ये ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचे गुडघे एमआरआयमध्ये बघितले होते, ज्यांची गादी फाटलेली दिसली त्यांतल्या ६१ टक्के लोकांना आधीच्या महिन्यात काहीच दुखलं नव्हतं. म्हणजे दिसलेली प्रत्येक गोष्ट दुखण्याचं कारण असतेच असं नाही. गुडघा अडकत असेल किंवा मार लागलेला असेल तर गोष्ट वेगळी.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. बोट ठेवता येत नाही, वाटीभोवती सगळीकडे आहे. अडकत नाही, दगा देत नाही, झोप छान लागते. टॉवेलवालं आज केलं, उजवी मांडी डावीपेक्षा लवकर थरथरायला लागली, हे मला माहीतच नव्हतं. एकच विचारते, जिना टाळता येत नाही तेव्हा काय करू?

प्रतिसाद २
चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय आणत. हे फक्त दुखणं जास्त आहे तोवर, सवय लावून घेऊ नका.

धागाकर्ती (सात आठवड्यांनंतर)
मध्ये एकदा जोशात जास्त चालले आणि दोन दिवस भोगलं, ते सोडून व्यायाम चालू आहे. बसून उठल्यावरचं आखडणं बरंच कमी. आज कठडा न धरता दोन मजले उतरले, तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं बटण दाबलं.