अनुभव धागा : मांजरीचे दिवस भरलेत, कळा सुरू झाल्या हे ओळखायचं कसं?

माळ्यावरची भाटी
ज्यांनी मांजरींची बाळंतपणं केली आहेत त्यांनी इथे लिहा. आपली मनी किती गुणाची ते दुसऱ्या धाग्यावर. इथे फक्त खुणा, वेळा आणि आकडे.

सुरुवात मी करते. गाभणकाळ साधारण ६३ ते ६७ दिवसांचा. बोका कधी लागला हे माहीत नसेल तर सडांवरून अंदाज बांधता येतो. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सड गुलाबी होऊन उठून दिसतात. तिथून सहा आठवडे धरा. व्यायच्या एक-दोन दिवस आधी ती कपाटं, पलंगाखालचे कोपरे हुंगत फिरते. तेव्हाच खोकं दाखवा, नाहीतर पिल्लं इस्त्रीच्या कपड्यांवर होतात.

दोन दशांश
तापमान बघा. डिजिटल थर्मामीटर, टोकाला व्हॅसलीन, गुदद्वारात जेमतेम दोन सेंटिमीटर. एरवी ३८ ते ३९.२ सेल्सिअस असतं. साठाव्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी मोजून लिहून ठेवा. ३७.८ च्या खाली उतरलं की बहुधा २४ तासांत व्याते. एकट्या आकड्याला अर्थ नाही, आदल्या चार दिवसांच्या तुलनेत बघायचं.

पुठ्ठ्याचं खोकं
वरच्या प्रतिसादाशी अर्धाच सहमत. प्रत्येक भाटीचं तापमान उतरतंच असं नाही. आणि जी हातसुद्धा लावू देत नाही तिला दिवसातून दोनदा दाबून धरायचं म्हणजे तिला बिथरवणंच. बिथरली की कळा थांबतात.

नजर ठेवलेली बरी. पहिला टप्पा ६ ते १२ तासांचा, पहिलटकरणीत २४ सुद्धा. खाणं टाकते, अंथरूण उकरते, मागची जागा सारखी चाटते, मध्येच तोंड उघडून धापा टाकते. मोठ्याने घुरघुरते, ती खुशीची घुरघुर नव्हे. काहीजणी लपतात, काहीजणी पायांत घोटाळतात.

सगळ्यात जास्त फसगत होते मातीच्या ट्रेपाशी. बसते, शेपूट उचलते, कुंथते, काहीच न होता उठते आणि पाच मिनिटांनी परत तेच. लोक बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजायला निघतात. पाजू नका. ती आडवी पडली की कुशीकडे बघा : बरगड्यांच्या मागून पोट आवळत शेपटीकडे लाट सरकताना दिसली, तर त्या कळाच. ट्रे खोक्याजवळ ठेवा आणि प्रत्येक फेरीनंतर बघा, पिल्लू मातीत पडलेलं असू शकतं.

पायाळू
जोर देऊन कळा येऊ लागल्या की घड्याळ लावा. बहुतेक वेळा अर्ध्या तासात पहिलं पिल्लू येतं, पुढची दहा मिनिटं ते तासाभराच्या अंतराने. शेपटीकडून किंवा मागच्या पायांवर आलेलं पिल्लू बघून घाबरू नये. मांजरींत पायाळू पिल्लं सर्रास असतात (विजेचं भय त्यांना लागू नसावं).

डॉक्टरांकडे धावायचं कधी? अर्धा तास सलग जोर देऊनही पिल्लू नाही. पिल्लू अर्धं बाहेर येऊन दहा मिनिटं अडकलं. लालभडक रक्त दहा मिनिटांत थांबत नाही. स्रावाला घाण वास. पिल्लू ओढायचं नाही. कळा वाढवायचं इंजेक्शन तर कुणी सांगितलं म्हणून घरी अजिबात देऊ नये : पिल्लू अडलेलं असताना दिलं तर गर्भाशय फाटू शकतं.

उंबरठा
दोन पिल्लं झाली आणि मग चार-पाच तास काहीच नाही, तर अडली समजायचं का?

पायाळू
लगेच नाही. मांजरीत मधला खंड २४ तासांपर्यंतही जातो. ती निवांत असेल, पिल्लांना पाजत असेल, थोडं खात-पीत असेल तर थांबा. कळा चालू आहेत पण काही येत नाही, किंवा ती मलूल पडली, तर थांबू नका. ५५ व्या दिवसानंतर एक्स-रे काढलेला असला की हा घोळच होत नाही, कवट्या मोजून आकडा कळतो. वारही (पिल्लामागून पडते ती, प्लासेंटा) मोजा, पिल्लागणिक एक. ती खाऊन टाकते, तेव्हा लक्ष ठेवावं लागतं.

पुठ्ठ्याचं खोकं
पिल्लावरची पिशवी तिने मिनिटभरात फाडली नाही तर नाकापाशी बोटाने फाडा, तोंड पुसा, कोरड्या फडक्याने अंग चोळा. नाळ तिने तोडली नाही तर पोटापासून दोन-तीन सेंटिमीटरवर उकळलेल्या दोऱ्याने बांधून दोऱ्याच्या पलीकडे कापा, टोकाला बीटाडीन. खोक्याच्या आसपास फिनाईल किंवा डेटॉल फिरवू नका, दोन्ही मांजरीला विषारी. कळवळते म्हणून पॅरासिटामॉलही नाही. एका गोळीत मांजर मरू शकते.

दोन दशांश
रात्री दीडला डॉक्टरांना फोन लावाल तेव्हा ते विचारतील : कितवा दिवस, जोराच्या कळा कधीपासून, पिल्लं किती, वार किती, स्रावाचा रंग काय. हे सगळं आधीच कागदावर मांडलेलं असू द्या. न्यायची वेळ आली तर झालेली पिल्लंही बरोबर घ्या, वेगळ्या डब्यात, गरम पाण्याच्या बाटलीला टॉवेल गुंडाळून. पिल्लं टेकतील तिथे टॉवेलचे दोन पदर हवेत.