क्रेडिट स्विस नेमकी कशाने बुडाली: तोट्याने, ठेवीदारांच्या धावपळीने की संचालक मंडळाने?

ताळेबंदवाचक

क्रेडिट स्विसचा २०२२ सालचा वार्षिक अहवाल १४ मार्च २०२३ रोजी प्रसिद्ध झाला आणि १९ मार्चच्या रविवारी संध्याकाळी स्विस सरकारने बर्नमध्ये पत्रकार परिषद घेऊन ही बँक तिच्या देशातल्याच प्रतिस्पर्धी यूबीएस बँकेच्या पदरात घातल्याचे जाहीर केले. आल्फ्रेड एशर यांनी १८५६ मध्ये रेल्वेमार्गांना भांडवल पुरवण्यासाठी काढलेल्या या संस्थेचे स्वतंत्र अस्तित्व तीन अब्ज फ्रँकांत संपले. त्या अहवालावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे असे की, ही बँक आकड्यांनी बुडाली नाही, कारभाराने बुडाली, आणि तसे त्याच अहवालात लिहिलेले होते. आकडे वाईट होते, यात वाद नाही. वर्षाचा निव्वळ तोटा ७.२९ अब्ज फ्रँक होता, महसूल आदल्या वर्षीच्या सुमारे २२.७ अब्जांवरून १४.९ अब्जांवर आला होता आणि ग्राहकांच्या ठेवी वर्षभरात सुमारे ३९३ अब्जांवरून २३३ अब्जांपर्यंत घसरल्या होत्या. तरीही भांडवलाचे मुख्य प्रमाण, म्हणजे सीईटी-१, १४.१ टक्के होते. केवळ हे प्रमाण पाहणाऱ्याला बँक धडधाकट वाटावी, अशीच स्थिती होती.

आता लेखापरीक्षकांचे पान उघडा. प्राइसवॉटरहाऊसकूपर्सने एकाच अहवालात दोन अभिप्राय दिले. पहिल्यात आर्थिक पत्रके योग्य चित्र दाखवतात असे म्हटले आणि दुसऱ्यात आर्थिक अहवालावरील अंतर्गत नियंत्रण परिणामकारक नाही, असा प्रतिकूल शेरा मारला. २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षअखेरीस नियंत्रणात गंभीर त्रुटी होत्या, ही गोष्ट व्यवस्थापनाने स्वतःच मान्य केली. हा अहवाल खरे तर ९ मार्चला यायचा होता. परंतु आदल्या संध्याकाळी अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने दूरध्वनी करून जुन्या वर्षांच्या रोख प्रवाह पत्रकांतील दुरुस्त्यांबद्दल विचारणा केल्यामुळे तो लांबला.

या त्रुटी आकाशातून पडल्या नव्हत्या. आर्केगोस या अमेरिकी गुंतवणूक संस्थेचे प्रकरण पाहा. मार्च २०२१ मध्ये त्या एकाच ग्राहकापायी बँकेचे साडेपाच अब्ज डॉलर गेले. त्यावर बँकेनेच नेमलेल्या विधिसंस्थेच्या अहवालातला एक तपशील मला विसरता येत नाही. आर्केगोसकडून अधिक तारण मिळावे म्हणून नवी पद्धत सुचवली गेली होती, तिच्यावरची चर्चा तो ग्राहक टोलवत होता आणि नेमक्या त्याच दिवसांत, ११ ते १९ मार्चदरम्यान, बँकेने त्यालाच २.४ अब्ज डॉलर चुकते केले. या ग्राहकाकडून वर्षाला मिळणारे उत्पन्न दोन कोटी डॉलरच्याही आत होते! अहवालाला यात फसवणूक किंवा बेकायदा वर्तन आढळले नाही, आणि मला हीच गोष्ट अधिक गंभीर वाटते. कोणीही बदमाश नसताना एवढे नुकसान होते, तेव्हा दोष यंत्रणेचा असतो आणि त्या यंत्रणेचे मालक संचालक मंडळ असते.

व्याजदर

धागाकर्त्यांनी मांडणी नेटकी केली आहे, पण निष्कर्ष घटना घडून गेल्यानंतरच्या शहाणपणाचा आहे. ७.२९ अब्जांच्या तोट्याची फोड त्यांनी केलेली नाही. त्यातले सुमारे ३.७ अब्ज हे तिसऱ्या तिमाहीत निर्लेखित केलेल्या स्थगित कर मालमत्तेचे आहेत. भविष्यातील नफ्यावर मिळणारी करसवलत आता वापरता येणार नाही, असे मानून केलेली ती नोंद होती. तिच्यापायी तिजोरीतून एक फ्रँकही बाहेर गेला नाही. करपूर्व तोटा सव्वातीन अब्जांच्या आसपास होता. तो वाईट होता, पण भागधारकांचा निधी वर्षअखेरीस ४५ अब्जांच्या घरात असलेल्या बँकेला तो जीवघेणा नव्हता.

बँकेला मारले ते ठेवीदारांच्या पळापळीने. ऑक्टोबर २०२२ मध्ये समाजमाध्यमांवर वावड्या उठल्या आणि केवळ शेवटच्या तिमाहीत ग्राहकांची ११० अब्ज फ्रँकांहून अधिक मालमत्ता बँकेबाहेर गेली. पुढे १० मार्चला अमेरिकेत सिलिकॉन व्हॅली बँक कोसळली. १५ मार्चला, सुमारे ९.९ टक्के भाग असलेल्या सौदी नॅशनल बँकेच्या अध्यक्षांना आणखी पैसे घालणार का असे विचारले गेले, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. दहा टक्क्यांच्या वर गेल्यास नवे नियम लागू होतात, हे त्यांचे कारण तांत्रिक होते. पण बाजाराने फक्त नकार ऐकला आणि त्या दिवशी समभाग एका क्षणी तीस टक्क्यांपर्यंत आपटला. स्विस नॅशनल बँकेने देऊ केलेले ५० अब्जांचे साहाय्यही पुरले नाही.

बँक आतून पोखरलेली असती, तर यूबीएसला २०२३ च्या दुसऱ्या तिमाहीत या खरेदीपोटी, म्हणजे पुस्तकी किमतीपेक्षा कितीतरी स्वस्तात बँक मिळाल्यापोटी, सुमारे २९ अब्ज डॉलरचा हिशेबी लाभ दाखवता आला असता का?

घोटाळे आणि गैरकारभार हेच मृत्यूचे कारण असेल, तर जर्मनीची डॉइश बँक आज जिवंत का आहे? २०१५ मध्ये तिला सुमारे ६.८ अब्ज युरोंचा आणि २०१९ मध्ये ५.३ अब्जांचा तोटा झाला. गृहकर्ज रोख्यांच्या प्रकरणात अमेरिकी न्याय खात्याशी २०१७ मध्ये केलेली तडजोड ७.२ अब्ज डॉलरची होती. तिच्या संचालकांनीही काही कमी प्रताप केले नव्हते.

ताळेबंदवाचक

व्याजदर, डॉइश बँकेचे उदाहरण तुम्ही काढलेत ते बरे झाले, कारण ते माझ्याच बाजूचे आहे. तिने २०१८ मध्ये क्रिस्टियन सेविंग यांना प्रमुख केले, जुलै २०१९ मध्ये समभाग व्यवहारांचा धंदा सोडण्याचे व १८,००० पदे कमी करण्याचे जाहीर केले, तोटा एकदाच पोटात घेतला आणि तीच दिशा पुढे धरून ठेवली. २०१९ चा तोटा हा त्या शस्त्रक्रियेचा खर्च होता.

याउलट क्रेडिट स्विसमध्ये काय चालले होते? स्वतःच्याच माजी वरिष्ठ अधिकाऱ्यामागे हेर लावल्याचे प्रकरण २०१९ मध्ये उघड झाले आणि मुख्य कार्यकारी तिजान थियाम यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये पद सोडले. त्यांच्या जागी आलेले थॉमस गॉटस्टाईन २०२२ च्या उन्हाळ्यात पदावरून गेले. एप्रिल २०२१ मध्ये सुधारणांचा झेंडा घेऊन अध्यक्षपदी आलेले आंतोनियो ओर्ता-ओसोरियो कोविडकाळातील विलगीकरणाचे नियम मोडल्याच्या प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये पायउतार झाले. दर खेपेस नवे धोरण आणि नवे सादरीकरण. २०१५ मध्ये सहा अब्ज, २०१७ मध्ये चार अब्ज आणि २०२२ मध्ये पुन्हा चार अब्ज असे भांडवल भागधारकांकडून उभारले गेले, पण ते कशासाठी हे प्रत्येक वेळी बदलत गेले. वावड्या प्रत्येक बँकेबद्दल उठतात. याच बँकेबद्दलच्या वावडीवर ग्राहकांनी चटकन विश्वास का ठेवला, याचे उत्तर तुमच्या मांडणीत कुठेही नाही.

निवृत्त सनदी लेखापाल

प्रतिकूल अभिप्रायाबद्दल गैरसमज होऊ नये म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. अंतर्गत नियंत्रणावरचा प्रतिकूल अभिप्राय म्हणजे आकडे खोटे आहेत, असा अर्थ होत नाही. ज्या यंत्रणेतून हे आकडे तयार झाले तिच्यावर विसंबता येत नाही, म्हणून जास्तीची तपासणी करून आम्ही आकड्यांपर्यंत पोहोचलो, एवढेच लेखापरीक्षक त्यातून सांगत असतो. आपल्याकडेही २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार लेखापरीक्षकाला अंतर्गत वित्तीय नियंत्रणांवर स्वतंत्र मत द्यावे लागते आणि बहुतेक भागधारक ते जोडपत्र उघडूनही पाहत नाहीत.

इथल्या चुका मुख्यतः रोख प्रवाह पत्रकातील वर्गीकरणाच्या होत्या. त्यांनी नफा किंवा भांडवल बदलत नव्हते. एखाद्या उत्पादक कंपनीत मी याला फार महत्त्व दिले नसते. पण ज्या बँकेतून शंभर अब्जांवर मालमत्ता नुकतीच बाहेर गेली आहे, तिलाच स्वतःचा रोख प्रवाह नीट मांडता येत नाही, हे वाचून ठेवीदाराने काय समजावे? व्याजदर यांचे तोट्याच्या फोडीचे गणित बरोबर आहे. मात्र स्थगित कर मालमत्ता निर्लेखित करताना व्यवस्थापन आपल्याच भविष्यातील नफ्याबद्दल मत देत असते, हे त्यांनी लिहायला हवे होते. पैसा बाहेर गेला नाही हे खरे. पुढे तो येईल ही आशा मात्र संचालकांनी स्वतःच्या सहीने सोडली.

डोंबिवली फास्ट लोकल

तुम्ही सगळे संचालक आणि ठेवीदार यांच्यातच अडकला आहात. बोनसचा विषय कोणी काढतच नाही. स्विस संसदेच्या चौकशी आयोगाने डिसेंबर २०२४ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २०१० ते २०२२ या काळात बँकेचा एकत्रित तोटा ३३.७ अब्ज फ्रँक होता आणि त्याच काळात वाटलेले बदलते वेतन ३९.८ अब्ज फ्रँक होते. २०२२ साठी सर्वोच्च कार्यकारी मंडळाने बोनस घेतला नाही, हे आता कौतुकाने सांगितले जाते, पण हे वरातीमागून घोडे झाले. मालकाच्या घरी उपास आणि कारभाऱ्याकडे पुरणपोळी, असे तेरा वर्षे चालू होते आणि वेतन अहवालावर मत देणारे भागधारक वर्षानुवर्षे मंजुरीचे हात वर करत होते.

व्याजदर

भागधारकांनी हात वर केले हे मान्य. मग दोष एकट्या संचालक मंडळाचा कसा? त्याच आयोगाने नियामकालाही सोडलेले नाही. फिनमाने, म्हणजे या स्विस नियामकाने, २०१७ मध्ये बँकेला भांडवलमोजणीत एक विशेष सवलत दिली होती. ती नसती, तर शेवटच्या काळात मूळ बँकेला भांडवलाच्या अटी पाळता आल्या नसत्या, असे आयोगाचे मत आहे. फिनमाच्याच सांगण्यानुसार २०१८ ते २०२२ या काळात तिने बँकेत १०८ प्रत्यक्ष तपासण्या केल्या आणि सुधारणेचे ३८२ मुद्दे काढले, त्यांपैकी ११३ मुद्द्यांत जोखीम मोठी किंवा अतिगंभीर होती. एवढे दिसत असताना तिने काय केले? पत्रे लिहिली. दंड ठोठावण्याचा अधिकारच तिला नाही.

ताळेबंदवाचक

थोडे थांबून पाहू. अटी पाळणे सवलतीशिवाय शक्य नव्हते असे तुम्हीच आता लिहिता, आणि बँक मूलतः सक्षम होती असे मघाशी लिहिलेत. यांपैकी एकच विधान टिकेल. ३८२ मुद्दे नियामकाने काढले, पण ते दुरुस्त करायचे कोणी?

रोखेधारक

मी या प्रश्नाकडे निराळ्या बाजूने पाहतो. १९ मार्चला भागधारकांना २२.४८ समभागांमागे यूबीएसचा एक समभाग मिळाला, म्हणजे काहीतरी हाती लागले. ज्यांचा क्रम भागधारकांच्या वर असतो, त्या एटी-१ रोखेधारकांचे (बँक संकटात आल्यास करारानुसार शून्य करता येणारे हे रोखे) सुमारे १६ अब्ज फ्रँक मात्र शून्य केले गेले. ज्यांनी संचालक निवडले त्यांना भरपाई आणि ज्यांना मतदानाचा अधिकारच नाही त्यांच्यावर सारा भार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मुंबईकरांना हे नवे नाही. मार्च २०२० मध्ये येस बँकेचे ८,४१५ कोटी रुपयांचे असेच रोखे शून्य केले गेले, तेव्हाही समभाग जिवंत राहिले होते. जानेवारी २०२३ मध्ये, म्हणजे झ्यूरिकमधल्या घटनेच्या दोनच महिने आधी, मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. स्वित्झर्लंडमध्ये ऑक्टोबर २०२५ मध्ये संघीय प्रशासकीय न्यायालयाने फिनमाचा आदेश बेकायदा ठरवला; फिनमाने त्याला आव्हान दिले आहे.

व्याजदर

रोखेधारक, त्या निकालाचे एक कारण इथे नोंदवायला हवे, कारण ते आमच्या वादाच्या मुळाशी जाते. रोखे शून्य करण्याची करारातील अट तेव्हा पूर्ण झालीच नव्हती, कारण त्या वेळी बँकेकडे पुरेसे भांडवल होते, असे न्यायालयाने म्हटले. धागाकर्ते मला विसंगत ठरवतात. मग सवलत कायदेशीरपणे दिलेली होती आणि तिच्यासह भांडवल पुरेसे होते, हे न्यायालयाचे गृहीतक तरी त्यांनी मान्य करावे. सक्षम बँकही रोख रकमेअभावी बुडते, एवढेच मी पहिल्यापासून म्हणतो आहे.

निवृत्त सनदी लेखापाल

न्यायालयाने कराराची अट तपासली, बँकेचे आरोग्य तपासले नाही, हे लक्षात घ्यावे. अहवालातील १४.१ टक्के आणि यूबीएसने मोजलेली तीन अब्जांची किंमत या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यातल्या आहेत. ४५ अब्जांच्या निधीला कोणी तीन अब्ज देतो आणि त्यावर सरकारकडून नऊ अब्जांपर्यंतच्या तोट्याची हमीही मागून घेतो, तेव्हा पुस्तकी किमतीवर त्या खरेदीदाराचा फारसा विश्वास नसतो. ती हमी यूबीएसने ऑगस्ट २०२३ मध्ये न वापरताच परत केली, हा व्याजदर यांच्या बाजूचा मुद्दा. तो त्यांनी स्वतः मांडला नाही म्हणून मी मांडतो.

ताळेबंदवाचक

त्या निकालाने भांडवल पुरेसे ठरते, हे मी मान्य करतो. त्यामुळे माझा मुद्दा कमकुवत होत नाही. भांडवल पुरेसे असूनही बँक गेली, तर जे कमी पडले ते भांडवल नव्हते.

आता स्वित्झर्लंडमध्ये चाललेला वाद मात्र जवळजवळ सगळा भांडवलाचाच आहे. जून २०२५ मध्ये सरकारने मांडलेल्या प्रस्तावानुसार यूबीएसला आपल्या परदेशी उपकंपन्यांसाठी पूर्ण भांडवल राखावे लागेल आणि त्यासाठी सुमारे २६ अब्ज डॉलर जास्तीचे लागू शकतील. यूबीएसचा विरोध त्यालाच आहे. कोणता निर्णय कोणत्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या नावावर आहे, हे आधीच लिहून ठेवण्याची ब्रिटनसारखी पद्धत आणि फिनमाला दंडाचा अधिकार, हे दोन विषय त्याच प्रस्तावांच्या संचात आहेत, पण त्यांच्यावर निम्मीही चर्चा होताना दिसत नाही. आर्केगोसला ते २.४ अब्ज डॉलर कोणाच्या अंतिम मंजुरीने गेले, याचे उत्तर एका नावात देणारी व्यवस्था २०२१ मध्ये असती, तर जोखीम विभागातील कोणीतरी ती रक्कम रोखून धरली असती, असे मला वाटते.

व्याजदर

ब्रिटनमध्ये ती पद्धत २०१६ पासून आहे आणि आर्केगोसचे बरेचसे व्यवहार क्रेडिट स्विसच्या लंडनमधील कंपनीच्या पुस्तकांतच नोंदलेले होते. मग तिथे ती रक्कम कोणी का रोखली नाही, याचे उत्तर आधी द्यावे.