लिहिण्यासारखं तुमच्या गल्लीतच आहे

"सोलापुरात रोज तेच ते, मी लिहू तरी कशावर?" हा तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. तुम्ही पूर्व भागात राहता म्हणालात. म्हणजे यंत्रमागांच्या खडखडाटातच लहानाचे मोठे झाला असाल. वीज गेली की तो एकदम थांबतो. त्या क्षणी गल्लीत काय काय ऐकू येतं, आधी तेवढंच लिहून बघा.

माझीही सुरुवात अशीच झाली. शेजारच्या काकू मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. भिजवलेलं तेंदूचं पान कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, बोटांत एक वळसा, दोरा, टोक दुमडलं की झालं. हात चालू आणि तोंडानं मुलाकडून पाढे म्हणवून घेणंही चालू. पाढे मराठीत, रागावणं तेलुगूत! मी ते त्याच रात्री वहीत उतरवलं. पुढे त्याचीच माझी पहिली कथा झाली.

बोलणं ऐकलं की त्याच दिवशी टिपा, हे मात्र मनापासून सांगतो. उद्यापर्यंत शब्द राहतात, लहेजा निघून जातो.

जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते; तिच्यावर, नंदीध्वजांच्या म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांच्या मिरवणुकीवर पुष्कळ जण लिहितात. तुम्ही यात्रा उठल्यावर होम मैदानावर जा. पाळणे उतरवणारी माणसं काय बोलतात, पुढच्या कुठल्या गावाला निघालीत, विचारा.

पहिलं पान कच्चं असलं तरी चालेल. मला नक्की वाचायला द्या, वाट बघतोय.