दहा दिवसांत कझाकस्तान: काय ठेवावं, काय गाळावं?

रानवाट

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही दोघी मैत्रिणी कझाकस्तानला जायचं म्हणतोय. हातात जाऊन-येऊन दहा दिवस. पुण्याहून दिल्ली आणि तिथून थेट अल्माटी. पाठीवर एकेक सॅक, मुक्काम हॉस्टेलमध्ये किंवा गावातल्या घरांत. सह्याद्रीत चालायची सवय आहे, हिमालयात थोडंफार. एक जण शाकाहारी, अंडं चालतं. रशियन अजिबात येत नाही.

कच्चा बेत असा: अल्माटी दोन दिवस, मग चारिनची दरी, कोलसाई तळी, तिथून अस्ताना, मग तुर्किस्तान शहर, शेवटी अक्ताऊला कॅस्पियन समुद्र आणि मांगिस्ताऊचे पांढरे कडे. वेळ उरला तर बिश्केकला एक चक्कर, कारण नकाशात ते अल्माटीच्या शेजारीच दिसतं. हे जमेल का? रेल्वे बरी की विमान? तंबू न्यावा का?

आडवळण

जमणार नाही, आणि हे आत्ताच मान्य केलंत तर सहल फार छान होईल.

कझाकस्तानचं क्षेत्रफळ २७ लाख चौरस किलोमीटरांच्या वर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ नऊपट. लोकसंख्या मात्र दोन कोटींच्या आसपास. त्यामुळे दोन ठिकाणांच्या मध्ये काहीच नसलेले शेकडो किलोमीटर असतात आणि चुकलेल्या गाडीच्या मागून दुसरी गाडी लगेच येत नाही. अल्माटी ते अस्ताना रस्त्याने साधारण १,२०० किलोमीटर. अल्माटी ते अक्ताऊ अडीच हजारांहून जास्त, रेल्वेने दोन दिवसांपेक्षा अधिक आणि विमानाने सुमारे तीन तास. तुमच्या बेतात दहापैकी चार-पाच दिवस नुसते वाहनात जातील.

अक्ताऊ पूर्ण गाळा. विमानाने पोचलात तरी बोझझिरा, तुझबायर ही ठिकाणं शहरापासून लांब आहेत. तिथे सार्वजनिक वाहन जात नाही, पाणी मिळत नाही, चारचाकी ताकदीची जीप आणि माहीतगार चालक लागतो. त्या भागासाठी वेगळी आठवडाभराची सहल करा. अस्तानाही गाळा. चकचकीत इमारती बघायला दोन दिवस घालवण्यापेक्षा ते डोंगरात घालवलेले बरे, असं माझं ठाम मत आहे.

बिश्केक खरंच जवळ आहे, कोर्दाईच्या नाक्यावरून साधारण २४० किलोमीटर. पण किर्गिझस्तान हा वेगळा देश. भारतीय पासपोर्टवर कझाकस्तानात १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येतं, किर्गिझस्तानला आधी ई-व्हिसा काढावा लागतो. बरेच जण हे दोन्ही एकच धरून नाक्यापर्यंत जातात आणि परत फिरतात. शिवाय १४ दिवस हे एका प्रवेशाचे आहेत, १८० दिवसांत सगळे मिळून ४२. परतीचं विमान चौदाव्या दिवशी कधीच ठेवू नका. ते रद्द झालं तर जास्त राहिल्याचा ठपका तुमच्यावर येतो. तुमचे दहा दिवस आहेत, तेव्हा ही काळजी नाही.

माझ्या मते आग्नेय कोपरा पुरे. पहिला दिवस पोचणं आणि झोप. दुसरा शहरावरच्या डोंगरात, मेदेऊ आणि शिंबुलाक. तिसरा कोक-झायलाऊ या डोंगरातल्या कुरणापर्यंतची चाल, म्हणजे पाय मोकळे होतात. चौथ्या दिवशी चारिन करून कोलसाईजवळच्या साती गावात मुक्काम, पाचवा कोलसाई, सहावा कैंडी तळं करून परत अल्माटी. सातवा मोकळा ठेवा, पावसाने एखादा दिवस खाल्ला तर तो इथे भरून काढायचा. त्याच रात्री रेल्वेने तुर्किस्तान. आठवा तिथे, नववा शिमकेंतमार्गे विमानाने अल्माटी, दहावा परत. डोंगर आधी आणि शहर नंतर, हा क्रम उलटा करू नका. मोकळा दिवस डोंगरानंतर असला तरच त्याचा उपयोग.

देवराई

रेल्वेबद्दल. रात्रीच्या प्रवासाला रेल्वेच घ्या, मुक्कामाचे पैसे वाचतात.

डबे मुख्यतः दोन प्रकारचे. प्लात्सकार्त म्हणजे आपल्या स्लीपरसारखा उघडा डबा, ५४ बर्थ. कुपे म्हणजे दार असलेली चार बर्थची खोली. प्लात्सकार्तमध्ये विषम आकडा खालचा बर्थ आणि सम आकडा वरचा. १ ते ३६ आतले, ३७ ते ५४ बाजूचे. बाजूचे बर्थ आखूड पडतात, आणि ३३ ते ३८ हे शौचालयाला लागून असतात, रात्रभर दार आपटतं. दोघींनी समोरासमोरचे दोन खालचे घ्या, उदाहरणार्थ ९ आणि ११. खालच्या बर्थखाली पेटी असते, सॅक त्यात टाकून वर झोपलं की राखण वेगळी करावी लागत नाही. ताल्गो गाड्या वेगवान आहेत, पण त्यांचे डबे अरुंद, मोठ्या सॅकची अडचण होते.

डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा बंब असतो, पाणी फुकट. चहा, झटपट पोहे, सूप सगळं त्यावर होतं. स्टीलचा मग न्या, पातळ प्लॅस्टिकचा पेला वाकतो. अंथरूण-पांघरूण प्रोवोदनिक, म्हणजे डब्याचे सेवक, देतात. जुन्या डब्यांत मोठं स्टेशन येण्याआधी शौचालयाला कुलूप लागतं, तेव्हा आधीच आटोपून घ्या.

तिकिटावरचं नाव आणि क्रमांक पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे, डब्यात चढताना पासपोर्ट बघतात. रेल्वेच्या संकेतस्थळावर परदेशी कार्ड कधीकधी नाकारलं जातं. तसं झालं तर अल्माटीत पोचल्याच्या दिवशीच खिडकीवर काढा, शेवटच्या क्षणी खालचे बर्थ उरत नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: अल्माटीत स्टेशनं दोन आहेत. अल्माटी-२ शहरात, अल्माटी-१ उत्तरेला बरंच लांब. काही गाड्या फक्त अल्माटी-१ वरून जातात. तिकिटावरचा आकडा वाचूनच टॅक्सी बोलवा. वेळेचा मात्र गोंधळ आता नाही. १ मार्च २०२४ पासून सगळ्या देशाला एकच वेळ आहे, आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. जुन्या लेखांत दोन वेळा दिसल्या तर दुर्लक्ष करा.

पायपीट

डोंगराच्या दिवसांबद्दल लिहिते, कारण लोक नेमके तिथेच चुकतात.

शहरातून मेदेऊला १२ नंबरची बस जाते, कझाकस्तान हॉटेलजवळून. मेदेऊचं स्केटिंगचं बर्फाचं मैदान १,६९१ मीटरवर. तिथून रोपवे शिंबुलाकला, आणि पुढे तल्गार खिंडीपर्यंत, सुमारे ३,१८० मीटर. बसल्या बसल्या तासाभरात दीड हजार मीटर चढल्यावर डोकं दुखतं. वर धावपळ करू नका, पाणी पीत राहा. मेदेऊच्या वरचं धरण पाण्यासाठी नाही, दगडमातीच्या लोंढ्यासाठी आहे. १९२१ साली अशाच लोंढ्याने शहराची मोठी हानी केली होती, १९७३ चा लोंढा या धरणाने अडवला. ओढ्याच्या पात्रात तंबू का लावायचा नाही, हे ते धरण बघून कळतं.

चारिन अल्माटीपासून साधारण २०० किलोमीटर. सार्वजनिक गाडीने गेलात तर ती हमरस्त्यावर सोडते, पुढे दरीपर्यंत दहा-एक किलोमीटर उघडं माळरान, सावलीला एक झाड नाही. सप्टेंबरातही दुपारी ऊन भाजतं. माणशी किमान तीन लिटर पाणी, टोपी, आणि खाली नदीपर्यंतची चाल सकाळी. परतताना सगळा चढ असतो हे लक्षात ठेवून वेळ मोजा. खालच्या मातीच्या कड्यांना टेकू नका, ढेकळं सुटतात. शनिवार-रविवारी अल्माटीहून स्वस्त सहल-बसा सुटतात, पण त्या एका दिवसात चारिन, कोलसाई, कैंडी तिन्ही दाखवतात, म्हणजे प्रत्येक ठिकाणी तासभर. सातीला मुक्काम असेल तर हॉस्टेलमधून आणखी दोघं-तिघं जमवून गाडी ठरवा आणि चालकाशी चारिनला किती तास थांबायचं ते आधीच बोला.

सातीत घरोघरी मुक्काम मिळतो, बहुधा रात्रीच्या आणि सकाळच्या जेवणासह. शाकाहारी असल्याचं आरक्षण करतानाच कळवा, पोचल्यावर सांगितलं तर सूप आधीच मांसाच्या पाण्यात शिजलेलं असतं.

कोलसाईचं खालचं तळं १,८१८ मीटरवर, मधलं २,२५२ वर. खालच्याच्या काठाने आणि मग देवदाराच्या जातीच्या उंच झाडांतून वाट चढते, शेवटचा चढ खडा आहे. जायला तीन तास, यायला अडीच धरा. सकाळी आठला निघा, कारण दुपारनंतर ढग भरतात आणि पाऊस-गारा येतात. ओल्या मुळांवरून उतरताना घसरायला होतं, एक काठी पुरते. तिसरं तळं २,८५० मीटरवर, किर्गिझ सीमेच्या अगदी जवळ. सीमेलगतच्या भागाला परवान्याचा प्रश्न येतो आणि तो तिथे जाऊन सुटत नाही. दुसऱ्या तळ्यावरून मागे फिरा. पासपोर्ट मात्र जवळ असू द्या.

कैंडी हे १९११ च्या भूकंपात कडा कोसळून नदी अडली, त्यातून झालेलं तळं. बुडालेल्या झाडांचे बुंधे अजून पाण्यातून सरळ वर आलेले दिसतात, पाण्याखालच्या फांद्यांसकट. सातीहून वाट खडबडीत, ओढे ओलांडावे लागतात. साधी कार अडकते. गावात जुन्या रशियन बनावटीच्या उंच व्हॅन मिळतात, भाडं गाडीमागे असतं, म्हणून माणसं जमली की स्वस्त पडतं.

तंबू या बेताला नको. दोन किलो वाचतात. पण सातीत रात्री पारा पाच अंशांच्या खाली येऊ शकतो, तेव्हा पातळ डाउन जॅकेट, कानटोपी, पावसाचं जॅकेट आणि सुकी मोज्यांची जोडी हवीच. गॅसचं नळकांडं विमानात चालत नाही, आणि या बेतात चुलीची गरजही नाही. तळ्या-ओढ्याचं पाणी गाळून वा उकळूनच प्या, वर गुरं चरतात.

रानवाट

खूप खूप आभार. अक्ताऊ, अस्ताना, बिश्केक काढले. दोन शंका उरल्या. तुर्किस्तानऐवजी अल्टिन-एमेल राष्ट्रीय उद्यान केलं तर? आणि खाणं, पैसे, कागदपत्रं यांचं काय?

ओसरी

खाणं: "बेझ म्यासा", म्हणजे मांसाशिवाय, हे पाठ करा. पण तेवढ्याने भागत नाही, मांसाचे तुकडे काढून तीच वाटी समोर येऊ शकते. म्हणून मुळात बिनमांसाचे पदार्थ मागा: भोपळ्याचा साम्सा (समोशासारखा), शेलपेक आणि बाउरसाक हे तळलेले पाव, बिटाची कोशिंबीर, अंडी, दही-चीज. अल्माटीच्या हिरव्या बाजारात कोरियन पद्धतीच्या गाजर-वांग्याच्या चटकदार कोशिंबिरी वजनावर मिळतात, सुकामेवा आणि सफरचंदंही. शेलपेक कोणत्या चरबीत तळलं ते विचारा. घरून मेथकूट, लसणीची चटणी, खाकरे आणि झटपट पोह्यांची पाकिटं न्या.

पैसे: चलन तेंगे, एका रुपयाला साधारण पाच-सहा. शहरात व्हिसा-मास्टरकार्ड चालतात. स्थानिक लोक एकमेकांना मोबाइलवरून पैसे पाठवतात, पण त्यासाठी तिथलं बँक खातं लागतं, त्यामुळे साती आणि टॅक्सीवाल्यांसाठी रोख ठेवा. डॉलरच्या नोटा नव्या, न दुमडलेल्या, शाई न लागलेल्या न्या. विमानतळावर थोडेच बदला, शहरातल्या बदलीच्या दुकानांत भाव बरा असतो. डोंगरात निघण्याआधीच सगळी रोख काढून घ्या.

फोन: सिम पासपोर्टवर मिळतं. नकाशाला २जीआयएस हे अ‍ॅप उतरवून घ्या, इंटरनेट नसतानाही चालतं आणि बसचे मार्ग दाखवतं. टॅक्सीला यांडेक्सचं अ‍ॅप. रस्त्यात हात करून थांबलेल्या गाडीत भाव बोलल्याशिवाय बसू नका. अल्माटीत दिशा डोंगरावरून सांगतात: डोंगर दक्षिणेला, म्हणून "वर" म्हणजे दक्षिण, "खाली" म्हणजे उत्तर. पत्ताही दोन रस्त्यांच्या चौकावरून सांगतात.

अक्षरं जाण्याआधी दोन संध्याकाळी बसून शिका. इंग्रजी पी दिसतं ते र, सी दिसतं ते स, एच दिसतं ते न, बी दिसतं ते व. एवढ्यावर स्टेशनच्या पाट्या निम्म्या वाचता येतात.

कागद: परतीचं तिकीट, पहिल्या मुक्कामाचं आरक्षण आणि विमा छापून न्या. परदेशी पाहुणा आल्याचं यजमानाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवायचं असतं. हॉटेलं हे करतात, खासगी घरात राहिलात तर विचारून खात्री करा. औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी असू द्या, कोडीनसारखी वेदनाशामकं शक्यतो नकोतच. आपला दोन गोल पिनांचा प्लग बसतो, तीन पिनांचा बसत नाही. तातडीला ११२.

आडवळण

अल्टिन-एमेल विरुद्ध तुर्किस्तान: तुम्ही किती जणी गाडीत असणार यावर ठरवा.

अल्टिन-एमेलला सार्वजनिक वाहन नाही. अल्माटीपासून बाश्शी गावापर्यंत साधारण २५० किलोमीटर, परवाना तिथल्या कचेरीत. त्यापुढे गाणारी वाळूची टेकडी एका दिशेला आणि अक्ताऊचे रंगीत डोंगर (नाव तेच, ते शहर वेगळं) अगदी उलट दिशेला. दोन्ही नीट बघायचे तर दोन दिवस आणि स्वतःची गाडी. टेकडी सुमारे १५० मीटर उंच, वाळू कोरडी असली आणि कण घसरत असले तरच घुमते. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर मुकी राहते. चार जणांत भाडं वाटलं तर परवडतं, दोघींना जड जाईल.

तुर्किस्तानला रात्रीची रेल्वे आहे आणि गाडीभाडं वेगळं लागत नाही. खोजा अहमद यासावींची दर्गा-वास्तू तैमूरने चौदाव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतली, तो गेल्यावर काम थांबलं. समोरची कमान आजही बिनफरशीची, लाकडी वासे बाहेर आलेली आहे. मागची बाजू मात्र निळ्या फरश्यांनी पूर्ण मढवलेली. समोरून फोटो काढून परत जाऊ नका, वळसा घालून मागे जा, सकाळी लवकर. डोकं झाकायला ओढणी, खांदे-गुडघे झाकलेले कपडे हवेत. तिथून शिमकेंत साधारण १६० किलोमीटर, मिनीबस आणि वाटून घ्यायच्या टॅक्सी मिळतात. शिमकेंतचं संध्याकाळचं विमान घ्या, दुपारचं घेतलंत तर वाटेत टॅक्सी भरायची वाट बघण्यात जीव टांगणीला लागेल. सर्वांत स्वस्त तिकिटात मोठी सॅक धरलेली नसते, वजनाचे पैसे आरक्षणातच भरा, विमानतळावर जास्त पडतात.

तुम्ही दोघीच असाल तर तुर्किस्तान. हॉस्टेलमध्ये आणखी दोघं मिळाली तर सातव्या-आठव्या दिवशी अल्टिन-एमेल, आणि मग रेल्वेचं तिकीट आधी काढू नका.